६५० च्या नोंदी: हँडलमधल्या मुंग्या

१२ जानेवारी

आजपासून रोजच्या रोज लिहायचं ठरवलंय. मागच्या प्रोजेक्टला कुठला पार्ट कधी बदलला हे तीन महिन्यांनी कुणालाच आठवत नव्हतं, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. एक्सेल शीट असते पण त्यात फक्त काय बदललं ते असतं, का बदललं ते नसतं.

तर गाडी. साधी गाडी. मोटरसायकल, ६५० सीसीच्या आसपास, दोन सिलिंडर, फेअरिंग (पुढचं प्लॅस्टिकचं कवच) नाही, सरळ बसायचं, हँडल ना खाली ना फार वर. ज्याला बाहेर 'स्टँडर्ड' म्हणतात ती. नाव अजून नाही, कागदावर नुसता कोड आहे, आम्ही तिला 'साधी' म्हणतो. माझ्याकडे व्हायब्रेशन, हँडलिंग आणि चालवताना जे जे काही 'वाटतं' ते सगळं. वाटतं म्हणजे काय हे कुणी लिहून दिलेलं नाही.

स्पोर्ट्स गाडीचं बरं असतं, लॅप टाइम कमी आला की विषय संपला. टूररला सामान, पल्ला, वारा. स्टँडर्डला सगळंच थोडं थोडं पाहिजे आणि लपवायला प्लॅस्टिकसुद्धा नाही, इंजिन उघडं, पाइप उघडे, वायरी कुठून नेल्या तेही दिसतं.

१५ जानेवारी

बेंचमार्कच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, गाड्या आल्या. सुझुकी एसव्ही ६५० (जुनी, १९९९ वाल्या पहिल्या पिढीतली, कार्ब्युरेटरची), यामाहा एमटी-०७, कावासाकी झेड ६५०, रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५०. चारही एकाच वर्गातल्या पण चौघींचा स्वभाव एकमेकींशी जुळत नाही. एसव्ही म्हणजे ९० अंशांची व्ही-ट्विन (दोन सिलिंडर व्ही आकारात), ६४५ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ६२.६ मिलिमीटर. इंटरसेप्टर बरोबर उलट बाजूला, ६४८ सीसी पण ७८ बाय ६७.८, म्हणजे बाकीच्यांच्या मानाने लांब स्ट्रोक, ४७ हॉर्सपॉवरच्या आसपास, तिला घाईच नाही. एमटी-०७ २०१४ पासूनची, ६८९ सीसी, खालच्या आरपीएमलाच इतकी ओढते की पहिल्यांदा चालवणारा हसतो. झेड ६५० मधलं इंजिन ८३ बाय ६०, शॉर्ट स्ट्रोक, वर गेल्यावर खुलते.

दिवसभर फक्त चालवल्या. उघडायच्या नाहीत असं ठरवलेलं कारण एकदा पाना हातात आला की माणूस गाडी बघत नाही, बोल्ट बघतो.

१९ जानेवारी

क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) मीटिंग. चार तास. खरं म्हणजे निर्णय आधीच झालेला, पण वरच्या लोकांना समजावून सांगायचं होतं.

पॅरलल ट्विन म्हणजे दोन सिलिंडर शेजारी शेजारी, एकच हेड, एकच टायमिंग चेन, स्वस्त आणि आखूड. प्रश्न एवढाच की दोन पिस्टन एकमेकांशी किती अंशांनी ठेवायचे. जुन्या ब्रिटिश ट्विन ३६० वर, दोन्ही पिस्टन बरोबर वर बरोबर खाली, फायरिंग समसमान, आवाज छान पण दोन्ही पिस्टनचं वजन एकत्र आपटतं, प्रायमरी (क्रँकच्या फेरीत एकदा येणारं व्हायब्रेशन) पण वाढतं आणि सेकंडरी (फेरीत दोनदा येणारं) पण. १८० केलं की एक वर एक खाली, प्रायमरी फोर्स कॅन्सल, पण ते दोन पिस्टन एका रेषेत नसून शेजारी असल्यामुळे इंजिन डावीकडून उजवीकडे डुलायला बघतं, आणि सेकंडरी तसंच राहतं, आणि फायरिंग १८०-५४०, धडधड आणि मग मोठा गॅप. २७० केलं की सेकंडरी फोर्स आपसात कॅन्सल होतात, प्रायमरी उरतं पण ते बॅलन्सर शाफ्टने (उलट वजन घेऊन फिरणारा दांडा) मारता येतं, आणि फायरिंग २७०-४५०, जे ९० अंशांच्या व्ही-ट्विनचंच आहे. म्हणजे व्ही-ट्विनची लय मिळते आणि दुसरं हेड, दुसरी टायमिंग चेन, मागच्या सिलिंडरचा मांडीला लागणारा गरमपणा हे काहीच घ्यावं लागत नाही.

यामाहाने टीआरएक्स ८५० मध्ये १९९५ सालीच हे करून दाखवलेलं. आता तर सगळे तिकडेच गेलेत. सुझुकीने स्वतः एसव्ही सारखी गाडी इतकी वर्षं बनवून २०२३ च्या जीएसएक्स-८एस ला २७० ची पॅरलल ट्विनच घेतली, आणि तिच्यात दोन बॅलन्सर शाफ्ट क्रँकपाशी ९० अंशांत बसवलेत, म्हणजे एका शाफ्टने उरणारं डुलणं पण जातं. आमच्या फायनान्सवाल्यांनी दुसरा शाफ्ट ऐकल्या ऐकल्या नाही म्हटलं. एकच शाफ्ट. ८० बाय ६४.५, ६४८ सीसी, पॉवर ५० किलोवॅट.

एकाने विचारलं की ५० च का. युरोपात ए-२ लायसन्स ३५ किलोवॅटपर्यंत आहे, आणि गाडी मर्यादित करून द्यायची तर मूळ पॉवर दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे ७० च्या आत. आणि किलोमागे ०.२ किलोवॅटचा नियम आहे म्हणून ३५ च्या सेटिंगला गाडी १७५ किलोच्या खाली गेलेली पण चालत नाही. आमची १७५ च्या खाली जायची भीती नाही हो, सगळे हसले.

३ फेब्रुवारी

म्यूल-१ (जोडाजोड करून केलेली पहिली चाचणी गाडी) उभी राहिली. फ्रेम आमची नवी, बाकी हाताला लागेल ते. टाकी दुसऱ्याच गाडीची, सीट पट्ट्याने बांधलेली, दिसायला भंगार. इंजिन अजून डमी.

आज फक्त कागदावरची भूमिती. रेक (स्टिअरिंगच्या आसाचा तिरकेपणा) २४.५ अंश, पुढचं टायर १२०/७०-१७ म्हणजे त्रिज्या जवळपास ३०० मिलिमीटर. ट्रिपल क्लॅम्पचा (पुढचा फोर्क धरणाऱ्या जोडाचा) ऑफसेट, म्हणजे फोर्क त्या आसाच्या किती पुढे, ३५ धरला तर ट्रेल, म्हणजे आस जमिनीला मिळतो तिथून टायर टेकतं तिथपर्यंतचं अंतर, ९८ येतो, ३० धरला तर १०४. ऑफसेट कमी केला की ट्रेल वाढतो हे दरवेळी नव्या पोरांना उलटं वाटतं, मलाही वाटायचं. आणि ऑफसेट ५ ने कमी केला की चाक साडेचार मिलिमीटर मागे सरकतं, व्हीलबेस पण तेवढा कमी. दोन्ही क्लॅम्प बनवायला दिले. ९८ ला गाडी चटकन वळेल, १०४ ला शांत राहील, आणि मला दोन्ही पाहिजे.

१० फेब्रुवारी

क्लॅम्प आले नाहीत. दिवस वाया.

२ मार्च

इंजिन बसलं. आज पहिल्यांदा म्यूल-१ आपल्या पायावर आपल्या इंजिनने चालली. साइड स्टँडवर सुरू केली तेव्हा आवाज ऐकून इंजिनवाल्या मॅडमनी डोळे मिटले, मला वाटलं काही बिघडलं, म्हणे नाही, ऐकतेय. दोन वर्षं टेस्ट बेंचवर ऐकलेलं इंजिन फ्रेममध्ये बसल्यावर वेगळं बोलतं.

पुढचं स्प्रॉकेट १५ दातांचं, मागचं ४३. सहाव्या गिअरला १०० च्या स्पीडला ४८०० आरपीएम. जरा जास्त वाटतंय, १६ दाती मागवलं, त्याने ४५०० होईल.

म्यूल-२ पण तयार आहे पण ती ब्रेक आणि एबीएसवाल्यांनी नेली.

१४ मार्च

मुंग्या. टेस्ट रायडर दादा चाळीस मिनिटं ट्रॅकवर फिरून आले, हेल्मेट काढायच्या आधी ग्लोव्ह काढले आणि हात झटकायला लागले. म्हणाले गाडी चांगलीय पण करंगळी आणि शेजारचं बोट झोपलंय. मी पण गेलो. खरंच. ९५ च्या पुढे गेलं की उजव्या ग्रिपमध्ये बारीक झिणझिण सुरू होते, ११० च्या पुढे कमी होते. म्हणजे बरोबर जिथे माणूस तासनतास चालवणार तिथेच.

१६ मार्च

सेन्सर लावले, दोन ग्रिपला, एक हँडल क्लॅम्पला, एक स्टिअरिंग हेडला, एक इंजिनवर. ग्रिपवर थरथरीचं शिखर ७८ हर्ट्झला. आरपीएम भागिले ६०, म्हणजे ४६८० ला, सरळ सरळ फर्स्ट ऑर्डर, क्रँकच्या एका फेरीला एक धक्का. नुसता मोजलेला (अन वेटेड) आकडा ११ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता गंमत बघा. हाताच्या व्हायब्रेशनचं जे आयएसओ ५३४९ मानक आहे त्यात फ्रिक्वेन्सी वेटिंग असतं, १६ हर्ट्झच्या वर जसजसं जाल तसतसा आकडा कापला जातो. ८० हर्ट्झच्या आसपास तो एक पंचमांश उरतो. म्हणजे आमचे ११ झाले २.२. युरोपातल्या कामगारांच्या नियमात आठ तासांसाठी ॲक्शन व्हॅल्यू (ज्याच्या पुढे उपाय करावे लागतात तो आकडा) २.५ आहे, म्हणजे आठ तास सलग असंच चालवलं तरी आम्ही पास, आणि तासाभराचं धरलं तर ०.७८, म्हणजे डिस्टिंक्शन. रिपोर्ट हिरवा. आणि इकडे दादांची करंगळी झोपलेली.

ते आयएसओ मानक हात कायमचा खराब होण्याबद्दल आहे, वैतागण्याबद्दल नाही. बोटातल्या ज्या पेशी बारीक थरथर ओळखतात त्या तर २५० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तिखट असतात, नेमकं जिथे वेटिंग त्यांना गप्प बसवतं. मी रिपोर्टला हिरवा रंग दिला नाही. पिवळा दिला. बॉसने विचारलं आकडा पास असताना पिवळा का, म्हटलं चालवून बघा.

१७ मार्च

बॉस चालवून आले. पिवळा राहू दे म्हणाले.

२९ मार्च

सगळ्यांचा संशय बॅलन्सर शाफ्टवर. फर्स्ट ऑर्डर म्हणजे बॅलन्सर, सरळ हिशोब. क्रँकच्या काउंटरवेटने निम्मं प्रायमरी खायचं, उरलेलं निम्मं उलटं फिरणाऱ्या बॅलन्सरने. शाफ्टचं वजन कमी-जास्त असेल किंवा फेज एक दात चुकला असेल. इंजिन उघडलं. फेज बरोबर. शाफ्ट तोलून पाहिला, ड्रॉइंगप्रमाणे. तरीही तीन नवे शाफ्ट मागवले, एक शंभर टक्के, एक नव्वद, एक ऐंशी. मॅडम वैतागल्या कारण त्यांच्या मते शाफ्ट बरोबर आहे आणि आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय. मी म्हटलं चोर दाखवा.

५ एप्रिल

शाफ्ट येईपर्यंत भूमिती. ३५ चा ऑफसेट, ट्रेल ९८: वळायला लोण्यासारखी, पण ७०-८० वरून थ्रॉटल सोडून हात सैल केले की हँडल डोलायला लागतं, ८ हर्ट्झच्या आसपास, हात ठेवले की गायब. ३० चा ऑफसेट, ट्रेल १०४: डोलणं जवळजवळ गेलं. वळायला किंचित जड पण दादा म्हणाले जड नाही, 'विचारून वळते'. १०४ ठेवला.

कोनसेट (स्टिअरिंगचं बेअरिंग) थोडा जास्त आवळून ९८ वर पण डोलणं दाबता येत होतं, एकाने तसं करून दाखवलं. पण मग गाडी सरळ जाताना हँडल चिकटल्यासारखं वाटतं, छोट्या छोट्या दुरुस्त्या करत राहावं लागतं आणि माणूस दमतो. आणि कोनसेट वापरून सैल होतोच, मग गिऱ्हाइकाकडे डोलणार. नको.

१८ एप्रिल

शाफ्ट बदलून झाले. शंभर टक्केवाला दुसरा: तसंच. नव्वद: किंचित जास्त. ऐंशी: सगळीकडेच जास्त, ३००० ला आरशात फक्त रंग दिसतात. पण शिखराची जागा हलली नाही, ७८ म्हणजे ७८. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसता चहाचा कप उचलून निघून गेल्या. ते जास्त लागलं.

शिखराची जागा हलत नाही म्हणजे इंजिन ढकलतंय तेवढंच ढकलतंय, पण ज्याला ढकलतंय ते ७८ ला नाचायला तयार बसलंय.

२० एप्रिल

मार्केटिंगकडून सूचना: १६ चं स्प्रॉकेट लावलंच आहे तर १७ लावा, मग १०० ला आरपीएम अजून खाली जाईल. बरोबर आहे, मग मुंग्या १०० ऐवजी ११० ला येतील, आणि सहावा गिअर ७० ला ओढणार नाही. केर गालिच्याखाली सरकवण्यासारखं आहे. नाही.

बार-एंडला जड वजनं लावून पाहिली. ७८ चं ६२ झालं. म्हणजे ३७०० आरपीएम, म्हणजे आता मुंग्या ८० च्या स्पीडला, आणि हँडल वळवताना टोकाला दोन डंबेल बांधल्यासारखं. काढली.

२ मे

टॅप टेस्ट. इंजिन बंद, छोट्या हातोडीने ठोकायचं आणि सेन्सर काय म्हणतो ते बघायचं. इतका साधा प्रकार आणि तो मी सात आठवड्यांनी करतोय. हँडलला ठोकलं: ७८. स्टिअरिंग हेडला ठोकलं: तिथेही ७८. म्हणजे हँडल एकटं नाचत नाहीये, फ्रेमचा पुढचा भाग त्याच्याबरोबर नाचतोय. सिम्युलेशनमध्ये फ्रेमचा हा मोड (ज्या फ्रिक्वेन्सीला ती आपसूक नाचते ती) शंभरच्या जवळ असायला हवा होता. सिम्युलेशनवाला म्हणाला माझं मॉडेल बरोबर आहे तुमची फ्रेम चुकीची आहे. नेहमीचंच वाक्य. (नंतर लिहिलेली ओळ: या वेळी ते खरं निघणार होतं हे तेव्हा माहीत नव्हतं.)

६ मे

सापडलं!

सकाळी एबीएसवाला मुलगा सहज बोलता बोलता म्हणाला की आमच्या म्यूल-२ ला तर मुंग्या येत नाहीत. मी म्हटलं काय? म्हणाला हो, आम्ही रोज शंभर-सव्वाशे करतो, कुणी काही बोललं नाही. दोन महिने ती गाडी चाळीस पावलांवर उभी होती आणि आमच्यापैकी एकानेही तिच्यावर बसून पाहिलं नाही. काखेत कळसा.

दोन्ही गाड्या शेजारी लावल्या, तोच इंजिन स्पेक, तीच फ्रेम, तेच हँडल. इंजिन फ्रेमला तीन ठिकाणी घट्ट बसतं, रबर नाही, कारण इंजिनच फ्रेमचा एक भाग म्हणून ताकद देतं. म्यूल-१ चा वरचा उजवा हँगर बोल्ट ढिला केला आणि 'टक्' आवाज झाला. हँगर एक मिलिमीटरने बाहेर उडला. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातलं, १.२ मिलिमीटर गॅप. म्यूल-२ ला तिथेच ०.२.

म्हणजे काय झालेलं: वेल्डिंगमध्ये फ्रेमचा तो कान थोडा बाहेर गेलेला, आणि बोल्ट टॉर्क रेंचने बरोब्बर आवळल्यावर कान वाकून इंजिनला टेकायचा, पण पूर्ण सपाट नाही, फक्त कडेला. टॉर्क बरोबर, खूण केलेली, कागदावर टिक. आणि इंजिन त्या कोपऱ्यात फ्रेमला धरूनच नव्हतं, त्यामुळे फ्रेमचा पुढचा भाग मऊ पडला आणि मोड शंभराजवळून खाली येऊन हँडलच्या मांडीवर बसला.

मॅडमना जाऊन सांगितलं. म्हणाल्या मग शाफ्टची माफी माग.

९ मे

१.२ चा शिम (फट भरणारी चकती) बनवून घातला. शिखर ९७ हर्ट्झला गेलं आणि उंची निम्म्याच्या खाली. ५८०० आरपीएम, म्हणजे १३० च्या जवळ, तिथे कुणी तासभर राहत नाही. दादा एक तास फिरून आले, हात झटकले नाहीत.

बाकी: ईसीयूवाल्यांनी (इंजिनचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांनी) नवा मॅप टाकला, मागचे पाइपचे ब्रॅकेट बदलले.

१५ मे

दादा म्हणतात गाडी मेली.

हे लिहिताना पण मला राग येतोय. दोन महिने मुंग्या मुंग्या आणि आता मेली. मी विचारलं म्हणजे नक्की काय, तर म्हणे पूर्वी मूठ पिळली की गाडी 'हो' म्हणायची, आता 'बघू' म्हणते. दुसऱ्या रायडरने पण तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत, गुळगुळीत झाली म्हणे. मीटिंगमध्ये लगेच तत्त्वज्ञान सुरू झालं की व्हायब्रेशन म्हणजेच कॅरॅक्टर, तुम्ही इंजिनिअर लोक सगळं घासून काढता. कुणीतरी ऐंशी टक्केवाला शाफ्ट परत लावा म्हणालं.

२८ मे

मध्ये वजनाची भानगड. सगळं भरून १९० ठरलेलं, काट्यावर १९७.४. त्यात १४ लिटर पेट्रोलचे दहा साडेदहा किलो आहेतच. प्रत्येक डिपार्टमेंट म्हणतं आमचं तर दोनशे ग्रॅमच वाढलंय. दोनशे दोनशे करत सात किलो. सगळ्यात मोठा गुन्हेगार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्याला धरणारा ब्रॅकेट. युरो ५ (युरोपचा प्रदूषणाचा नियम) साठी कॅट लवकर तापायला पाहिजे म्हणून तो इंजिनच्या जवळ, पोटाखाली आणलाय, म्हणून त्याला उष्णतेचं कव्हर, म्हणून कव्हरला ब्रॅकेट, म्हणून ब्रॅकेटला रबर. आणि एवढं करून उजव्या घोट्याला गरम लागतंच.

स्विंगआर्मच्या आतली एक पट्टी काढली, ३८० ग्रॅम. बॅटरी लहान केली. १९४ वर आलो.

१२ जून

आंधळी टेस्ट. कुठल्या गाडीत कुठला शाफ्ट हे रायडरला माहीत नाही. एकीत शंभर टक्के, एकीत ऐंशी. दोन्हीकडे हँगर नीट शिम केलेला. सहा रायडर. निकाल असा की ऐंशीवाली ओळखली सहाही जणांनी, कारण आरसे. 'जिवंत' कुठली विचारल्यावर तिघे ही म्हणाले तिघे ती. आणि दादा म्हणाले दोन्ही मेलेल्या.

दोन्ही मेलेल्या. त्या वाक्यावर रात्री झोप लागली नाही. कारण ऐंशीवालीत भरपूर व्हायब्रेशन होतं. मग व्हायब्रेशन म्हणजे जीव, ही थिअरी गेली की.

१४ जून

ही वही, म्हणजे ही फाइल, वरपासून वाचली. ९ मे. 'बाकी: ईसीयूवाल्यांनी नवा मॅप टाकला.' एका ओळीत, ते पण बाकी मध्ये. शिम आणि मॅप एकाच दिवशी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मी दर सहा महिन्यांनी ट्रेनिंगमध्ये नव्या पोरांना शिकवतो.

ईसीयूवाल्यांकडे गेलो. नव्या मॅपमध्ये काय आहे? म्हणे काही नाही, १८०० ते ३००० मध्ये गाडी झटके देत होती म्हणून थ्रॉटल उघडण्याचा वेग थोडा गाळला. राइड-बाय-वायर आहे ना, मूठ आणि बटरफ्लायच्या (इंजिनात हवा सोडणारी झडप) मध्ये सॉफ्टवेअर बसलंय. 'थोडा' म्हणजे किती ते स्क्रीनवर बघितलं तर मूठ झटकन उघडली तरी बटरफ्लाय मागून रमतगमत येतोय, आणि तो फिल्टर फक्त ३००० पर्यंत नाही, सगळ्या आरपीएमला लावलेला.

झटके का होते हेही बघायला पाहिजे. २७०-४५० फायरिंगला खालच्या आरपीएमवर हाफ ऑर्डर (दोन फेऱ्यांना एक धक्का) येते, २००० ला साधारण १७ हर्ट्झ, आणि ती चेनमध्ये ढिलाई असली की ठोके देते. म्हणजे झटके शमवायची जागा मागच्या चाकाचे कुश रबर (धक्के शोषणारे रबर) आहेत, मूठ नाही.

१९ जून

कुश रबर जरा कडक घेतले, चेनची ढिलाई नीट केली, फिल्टर ३००० च्या वर पूर्ण काढला आणि खाली निम्मा केला. शाफ्ट शंभर टक्के. हँगर शिम केलेला. मुद्दाम तीन दिवसांत एक एक करून केलं आणि प्रत्येक वेळी चालवून पाहिलं, मॅडमने विचारलं आता एवढी शिस्त कुठून आली.

दादांना काही सांगितलं नाही. वीस मिनिटांनी आले, इंजिन बंद केलं आणि टाकीवर दोनदा थाप मारली. ते बोलत नाहीत तेव्हा बरं असतं.

४ जुलै

आवाजाची टेस्ट. यूएन रेग्युलेशन ४१, पॉवर आणि वजनाचं गुणोत्तर ५० च्या वर असलेल्या गाड्यांना ७७ डेसिबल. आमचं गुणोत्तर १८० च्या वर. पास झालो पण काठावर, आणि आवाज सायलेन्सरचा नव्हता, एअरबॉक्स आणि चेनचा जास्त होता. चेन गार्डला आतून फोम. पुढच्या आठवड्यात परत.

१७ जुलै

प्रॉडक्शनचं काय करायचं. प्रत्येक फ्रेमला फिलर गेज घालून शिम निवडत बसणार नाही लाइनवर कुणी, आणि वेल्डिंग दर फ्रेमला एकसारखी येणार नाही, आलीच तर पहिल्या शंभर गाड्यांत. दोन पर्याय. एक, कानाची जाडी कमी करून तो सहज वाकेल असा करायचा, पण मग तिथला कडकपणा जातो, ज्याच्यासाठी एवढं सगळं. दोन, फ्रेमच्या कानात आटे पाडलेला कॉलर बसवायचा, आधी तो हाताने फिरवून इंजिनला टेकवायचा, हलका टॉर्क, मग वरून बोल्ट. गॅप ०.२ असो नाहीतर १.२, कॉलर तेवढा बाहेर येतो. नवीन काही नाही, बऱ्याच गाड्यांना असतात, आम्ही खर्च वाचवायला काढून टाकले होते. कोणी काढले ते जानेवारीच्या आधीचं आहे, म्हणजे या फाइलमध्ये नाही.

कॉलरला फायनान्सने मान्यता दिली. मी म्यूल-१ चा जुना वाकलेला हँगर त्यांच्या टेबलावर ठेवलेला.

२ ऑगस्ट

प्रोटो-२ च्या, म्हणजे पुढच्या प्रोटोटाइपच्या, पहिल्या तीन फ्रेम आल्या, कॉलरसकट. गॅप मोजले: ०.४, ०.९, ०.३. तिन्हींचं टॅप टेस्टला ९५ ते ९८. ड्रॉइंग फ्रीझ, म्हणजे आता बदल नाही.

फ्रीझच्या कागदावर सही करून खाली आलो तर दादा डाव्या आरशाकडे बोट दाखवून उभे. ६२०० च्या पुढे मागचा ट्रक दोन दिसतात म्हणे. उजव्यात एकच दिसतो. उद्या हातोडी घेऊन आरशाच्या दांडीपासून सुरुवात, आणि आधी दुसऱ्या दोन गाड्यांवर बसून बघायचं.